पेवापासून पार्किंगपर्यंत : नांदेड–लातूर परिसरातील पूर, चीजवस्तू आणि वाहने

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात दुष्काळाला जेवढे स्थान मिळाले तेवढे पुराला मिळालेले नाही. १९७२ च्या दुष्काळावर आणि त्यातून पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेवर विपुल लेखन झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना तर देशभर गाजली. परंतु ज्या मांजरा धरणाच्या कोरड्या पात्राची छायाचित्रे तेव्हा प्रसिद्ध झाली, त्याच धरणाचे सर्व दरवाजे सप्टेंबर २०२१ मध्ये उघडावे लागले आणि लातूर जिल्ह्यात नदीकाठी अडकलेल्या माणसांना बोटी व हेलिकॉप्टरच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. पूर हा या प्रदेशाचा अपवाद आहे, अशी आपली समजूत असते. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांचा अनुभव या समजुतीला पुष्टी देत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय पूरनियंत्रण किंवा धरणांचे राजकारण हा नाही. पूर आला असता येथील माणसांनी आपली चीजवस्तू कोठे ठेवली, ती कशी वाचविली आणि वाहत्या पाण्यासमोर आले असता काय केले, एवढ्यापुरता तो मर्यादित आहे. विषय लहान वाटेल. तथापि मराठी भाषेत घरातील भांडीकुंडी व अंथरूण-पांघरूण वाहून गेले म्हणजे 'संसार वाहून गेला' असेच म्हणतात आणि महसुली पंचनाम्यातही 'संसारोपयोगी साहित्य' हाच शब्दप्रयोग आढळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व पटते. जुन्या ग्रामरचनेत पुरापासून बचाव करण्याचे ज्ञान घराच्या जागेत, धान्याच्या साठवणीत आणि नदी ओलांडण्यापूर्वी थांबण्याच्या सवयीत सामावलेले होते. गेल्या शंभर वर्षांत कुटुंबाची मालमत्ता धान्य व जनावरे यांतून मोठ्या प्रमाणावर वाहनात गेली. मात्र रस्त्यांवरील अनेक पूल आणि शासनाची नुकसानभरपाईची यादी अद्याप बैलगाडीच्या काळात आहेत. या विसंगतीची किंमत दर पावसाळ्यात माणसांच्या जीवाने मोजावी लागते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

पांढरी, गढी आणि पेव

मराठवाड्यातील शेतकरी जमिनीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग करतो. काळी म्हणजे कसण्याची आणि पांढरी म्हणजे वसण्याची. गावाची पांढरी बहुधा उंचवट्यावर असते आणि पिढ्यान् पिढ्या मातीची घरे पडून पुन्हा बांधली गेल्यामुळे ती आणखी उंच होत जाते. गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी या नद्यांच्या काठची जुनी गावे पाहिली असता नदीपासून पाणी भरण्याइतके जवळ आणि पुरापासून वाचण्याइतके उंच, असा मध्य साधलेला दिसतो. गावातील गढी त्याहून उंच असे. गढीचा उद्देश संरक्षणाचा होता हे खरे. परंतु पुराच्या रात्री गावाने आश्रयाला जाण्याची जागाही तीच होती. सर्वांनाच तेथे सारख्याच सन्मानाने प्रवेश मिळत असे, असे मात्र समजू नये. गावकुसाबाहेरील वस्ती बहुतेक ठिकाणी सखल भागात होती आणि पाणी प्रथम तिच्यात शिरत असे. पुराची पातळी जात पाहत नाही असे म्हटले जाते. पण वस्तीची पातळी जातीने ठरविलेली होती, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला नजरेआड करता येत नाही.

घरातील मुख्य संपत्ती म्हणजे धान्य. ते साठविण्याच्या तीन रीती येथे प्रचलित होत्या. पहिली पेवाची. पांढरीत खोल खड्डा खणून, त्याला आतून कडबा व गवत लावून ज्वारी भरीत आणि निमुळते तोंड दगड व मातीने लिंपून टाकीत. चोर, आग व उंदीर यांपासून पेव निर्धोक. मात्र त्याचा एकमेव शत्रू पाणी. पेवात ओल शिरली की ज्वारी काळी पडते आणि तिला एक विशिष्ट उग्र वास येतो. म्हणून पेवाची जागा निवडणे हे जाणत्या माणसाचे काम मानले जाई. दुसरी रीत बळदाची, म्हणजे घरातच भिंतींमध्ये बांधून काढलेल्या धान्याच्या बंद कोठीची. तिसरी कणगीची. तुरीच्या काठ्या किंवा फोक विणून, शेणमातीने सारवून केलेली कणगी दगडांवर उचलून ठेवीत, त्यामुळे अंगणात आलेले वीतभर पाणी तिच्या खालून निघून जाई. थोडक्यात, संपत्तीचा काही भाग जमिनीखाली, काही भिंतीत व काही जमिनीच्या वर, अशी विभागणी होती. एका आपत्तीत सर्व जाऊ नये, हा त्यामागील व्यवहार. गावाचे आणि देवस्थानाचे कागद मात्र रुमालात बांधून माळ्यावर ठेवले जात. आज मोडी कागदपत्रांचे रुमाल आपल्याला अभ्यासायला मिळतात, त्याचे श्रेय काही अंशी या माळ्यांना द्यावे लागेल.

माळवदाच्या घरांविषयी येथे दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. जाड मातीचे सपाट छत उन्हाळ्यात घर थंड ठेवते आणि पुरात माणसांना वर चढून बसण्यास जागा देते. परंतु भिंतींचा पाया भिजला की हेच ओझे घातक ठरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, त्यामागे दगडमातीच्या भिंतींवरील जड छते हे प्रमुख कारण होते. भूकंपाने एका क्षणात जे केले ते सततचा पाऊस चार दिवसांत करतो. संततधारेत माळवदाखाली झोपू नये, असे जुनी माणसे सांगत, ते अनुभवानेच.

उतार, नाव आणि थांबणे

नदी ओलांडण्याच्या जागेला मराठीत 'उतार' म्हणतात. उन्हाळ्यात पायी, पावसाळ्यात नावेने आणि पूर असता मुळीच नाही, असा उताराचा साधा नियम होता. नाव चालविणारे कोळी किंवा भोई यांचे पाण्याचे ज्ञान परंपरागत असे. पाण्याचा रंग बदलला, वाहत येणाऱ्या काटक्यांचे प्रमाण वाढले, फेस दिसू लागला म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला आहे, हे ते ओळखीत. लहान ओढे ओलांडण्यासाठी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड वापरीत. गुऱ्हाळातील काहिलीचाही होडीसारखा उपयोग केला जाई. ही साधने धोकादायकच होती, त्यांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच की नावाडी नाही म्हणाला की प्रवास थांबत असे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. बैलगाडीचेही तसेच. ओळखीचा उतार असला तरी पाण्याला ओढ आहे असे जाणवताच बैल पाय रोवतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक असते.

पुराची उंची मोजण्याची लोकरीत घाटाच्या पायऱ्यांशी जोडलेली होती. नाशिकला गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या कमरेला, छातीला की गळ्याला पाणी लागले यावरून लोक आजही पुराचा अंदाज घेतात. नांदेडला आता जुन्या पुलाजवळील मोजपट्टी हे काम करते. तेथील इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोका पातळी ३५४ मीटर अशी निश्चित केलेली आहे. खण-नारळाने गंगेची ओटी भरायला जाणाऱ्या स्त्रिया कोणत्या पायरीवरून परत फिरल्या, ही बातमी एके काळी गावभर होत असे. श्रद्धेच्या या आचारात निरीक्षणाचा एक भाग होता, तो आपण केवळ कर्मकांड म्हणून बाजूला सारला.

फरशी पुलाचा व्यवहार

नांदेड व लातूरचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाच्या इतिहासातील सर्वांत मोठा पूर म्हणजे २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबाद शहरात आलेला मुसी नदीचा पूर. त्यात हजारो माणसे दगावली. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले आणि त्यांच्या शिफारशींतून मुसीवर उस्मानसागर (१९२०) व तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले. भारतातील पूरनियंत्रणाच्या इतिहासात या कामाचे मोल मोठे आहे. परंतु हा विचार राजधानीपुरता राहिला. मांजरा नदीवर १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर बांधला गेला. तो खालच्या अंगाला निजामाबादच्या सिंचनासाठी होता. वरच्या अंगाच्या मराठवाड्यातील गावांना त्यातून पुरापासून संरक्षण मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

याच काळात रस्ते आणि मोटारी आल्या. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. भारतात शासकीय बससेवेचा हा अगदी आरंभीचा प्रयोग होता. रेल्वे त्यापूर्वीच, १९०० च्या सुमारास, गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंत पोचली होती. रेल्वेचे पूल उंच बांधणे भाग होते. रस्त्यांच्या बाबतीत मात्र काटकसरीचा मार्ग निघाला, तो म्हणजे फरशी पूल. आठ महिने कोरड्या असणाऱ्या नदीवर उंच पूल बांधणे परवडणारे नव्हते. त्याऐवजी पात्राच्या थोडे वर दगडी किंवा सिमेंटची फरशी, तिच्याखाली पाणी जाण्यासाठी नळकांडी, आणि पूर आला की पाणी फरशीवरून वाहून जाणार, अशी ही रचना. पुराचे पाणी अडू नये, त्यात झाडे-ओंडके अडकू नयेत म्हणून अशा पुलांना भरीव कठडे ठेवीत नाहीत. केवळ कडेला लहान खुंटदगड असतात.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने यात काही चूक नाही. फरशी पूल हा वाटसरूशी केलेला एक करार आहे. वर्षातील थोडे दिवस, थोडे तास हा रस्ता बंद राहील आणि तुम्ही थांबाल, हे त्यात गृहीत आहे. बैलगाडीच्या काळात हा करार पाळला गेला, कारण थांबण्याने फारसे बिघडत नव्हते. बसचे वेळापत्रक, कार्यालयाचा हजेरीपट, दुधाची गाडी, रुग्णालयाची घाई यांनी तो मोडला. करारातील एक पक्ष बदलला, दुसरा तसाच राहिला. लहान नद्या-ओढ्यांवरील कमी उंचीच्या पुलांची संख्या ग्रामीण मराठवाड्यात आजही मोठी आहे.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. आपल्यापैकी अनेक प्राध्यापक नांदेड, लातूर किंवा उदगीर येथे राहून तालुक्याच्या अथवा खेड्यातील महाविद्यालयात रोज 'अपडाऊन' करतात. चौघांनी मिळून एक गाडी, वाटेत दोन-तीन ओढे, आणि पहिली तासिका आठ वाजता, हे चित्र परिचयाचे आहे. ओढ्याला पाणी असताना मागे फिरलेल्या सहकाऱ्याला रजा टाकावी लागते आणि पाण्यातून गाडी काढून वेळेवर पोचलेल्याचे कौतुक होते. संस्थांनी या कौतुकाचा फेरविचार केला पाहिजे. विद्यार्थी तर दुचाकीवर तिघे बसून येतात.

पुराचे बदललेले रूप

जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले. पुढे नांदेडच्या वरच्या अंगाला विष्णुपुरी प्रकल्प साकारला. शंकरराव चव्हाण यांच्या दूरदृष्टीशी या दोन्ही कामांचे नाव जोडलेले आहे. यांमुळे गोदावरीच्या पुराचे स्वरूप पालटले. पूर्वी पूर म्हणजे पावसाचा परिणाम होता. आता तो पाऊस आणि विसर्ग या दोहोंचा मिळून परिणाम असतो. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला, पैठण शहरात पाणी शिरले आणि पाठोपाठ नांदेडच्या नदीकाठच्या वसाहतींनाही पुराने वेढले. खाली तेलंगणातील श्रीरामसागर जलाशयाचा फुगवटा असल्यामुळे धर्माबाद व बिलोली भागातील पाणी लवकर ओसरत नाही.

धरणाच्या विसर्गातून येणाऱ्या पुरात एक सोय आहे. तो सांगून येतो. पैठणहून सोडलेले पाणी नांदेडला पोचण्यास अवधी लागतो, भोंगा वाजतो, ध्वनिक्षेपकावरून सूचना दिली जाते. खडकपुरा, देगाव चाळ यांसारख्या सखल वस्तीतील कुटुंबांना सामान हलविण्यास काही तास तरी मिळतात. जुन्या दवंडीचे हे आधुनिक रूप होय. ओढ्याच्या पुराचे तसे नाही. १७ व १८ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास मुखेड तालुक्यात जे घडले ते या दुसऱ्या प्रकारातील होते. तेथे एका दिवसात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाकडून सांगण्यात आले, म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या वार्षिक सरासरीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक. रावणगाव, भासवाडी, भिंगोली व हसनाळ या लेंडी प्रकल्पाच्या क्षेत्रातील गावांना पाण्याने वेढले. एकट्या रावणगावात सव्वादोनशे नागरिक अडकले होते. लष्कराची मदत घ्यावी लागली, जीवितहानी झाली, गोठ्यात बांधलेली जनावरे बांधलेल्या जागीच मेली. दावणीची गाठ सुटेल अशी न मारल्याने जनावर बुडते, ही गोष्ट जुन्या शेतकऱ्यांना माहीत होती. पुनर्वसन पूर्ण होण्याआधीच धरणाची घळभरणी झाली, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र ज्या गावाला आपण आज ना उद्या उठणार हे माहीत असते, ते गाव घरांची डागडुजी करीत नाही आणि उंच जागीही जाऊ शकत नाही. अशा अधांतरी अवस्थेत पूर आला तर चीजवस्तू वाचविण्याची जुनी रीतही चालत नाही आणि नवी अस्तित्वात आलेली नसते.

त्याच दिवसांत उदगीर–मुखेड रस्त्यावर धडकनाळ परिसरात एक मोटार व एक ऑटोरिक्षा पाण्यात वाहून गेली आणि त्यातील प्रवाशांचे प्राण गेले. तत्पूर्वी २८ सप्टेंबर २०२१ रोजी नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात, दहागाव येथील पुलावरून पाणी वाहत असताना नागपूर–नांदेड मार्गावरील एस.टी. बस वाहून गेली होती. काहींना वाचविण्यात यश आले, काहींना नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल कोसळून दोन एस.टी. बसगाड्या नदीत गेल्या, त्या दुर्घटनेशी याची तुलना केली जाते. ती मला योग्य वाटत नाही. सावित्रीच्या पुलावर चालकाला निवड करण्याची संधीच नव्हती. रस्ता अंधारात नाहीसा झालेला होता. दहागावला पाणी डोळ्यांसमोर होते. दहागाव आणि धडकनाळ ही फरशी पुलाच्या मोडलेल्या कराराची उदाहरणे आहेत.

वाहन पाण्यात का टिकत नाही

बैलगाडीतून गेलेल्या पाण्यातून मोटार का जात नाही, असा प्रश्न ग्रामीण भागात खरोखर विचारला जातो. उत्तर साध्या गणितात आहे. बैलगाडी उघडी असते. पाणी तिच्या आरपार जाते. मोटार हा बंद डबा आहे. लहान मोटारीचे वजन सुमारे हजार किलो आणि तळाचे क्षेत्रफळ सुमारे पाच चौरस मीटर धरले, तर तळाच्या वर चढणारे प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी तिला सुमारे पाचशे किलो वर उचलते. वीस सेंटिमीटर चढले की गाडीचे वजन जवळजवळ संपते. गाडीचा तळ रस्त्यापासून साधारण सतरा-अठरा सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे गुडघ्यापर्यंतही न येणारे पाणी तिला तरंगविण्यास पुरेसे आहे. पुढचे काम प्रवाह करतो, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. माणसाला पाडण्यास तर घोट्याच्या वर आलेले वेगवान पाणी पुरते. बस जड असते, पण तिची बाजू लांब-रुंद असल्याने प्रवाहाला तेवढी मोठी भिंत मिळते. ट्रॅक्टरची चाके उंच म्हणून लोक त्यावर विश्वास ठेवतात. मागची ट्रॉली आधी तरंगते आणि ट्रॅक्टरला ओढत नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की रात्रीच वाहून गेली, हे वरून दिसत नाही आणि कडेला कठडा नसतो.

उभ्या गाडीचे नुकसान वेगळ्या प्रकारचे. इंजिनात हवा ओढली जाते त्या वाटेने पाणी शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. अशा स्थितीत चावी फिरविली की आतील दांडा वाकतो आणि दुरुस्ती होऊ शकणारे इंजिन निकामी होते. म्हणून पुरात भिजलेली गाडी चालू करून पाहू नये, ती ओढत नेऊन कारागिराला दाखवावी, शक्य तर बॅटरीची जोडणी काढावी. हे ज्ञान महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पसरले ते २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विजेवर चालणाऱ्या काचा व कुलपे बंद पडल्याने काही माणसे आपल्याच गाडीत गुदमरून मरण पावली. गाडीत अडकण्याची वेळ आलीच, तर पाणी काचेपर्यंत चढण्याआधी काच खाली करून बाहेर पडावे लागते. दारावर बाहेरून पाण्याचा दाब आल्यावर ते उघडत नाही. नांदेड व लातूर शहरांतही आता नव्या इमारतींच्या तळघरात पार्किंग असते. जमिनीखालची साठवण पाण्याने बुडते, हा पेवाचा धडा येथे लागू पडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या नागरिकांनी अतिवृष्टीच्या इशाऱ्यानंतर आपल्या गाड्या उड्डाणपुलांवर नेऊन उभ्या केल्या, तेव्हा त्यांची थट्टा झाली. वास्तविक, गढीवर जाण्याच्या जुन्या रीतीचेच ते नागरी रूप होते.

पंचनाम्यातील चीजवस्तू

आपत्तीनंतर राज्यसंस्था कोणत्या वस्तूला 'मालमत्ता' मानते, हे पाहणे इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या निकषांनुसार घर वाहून गेले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले, तर कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी २,५०० रुपये देय होतात. दुधाळ गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी ३२,००० रुपये, शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये. मासेमारीची नाव पूर्ण नष्ट झाल्यास १५,००० रुपये. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२१ च्या महापुराच्या वेळी कपडे व भांडी यांसाठी प्रत्येकी ५,००० रुपये दिले आणि दुकानदार व टपरीधारक यांनाही मर्यादित मदत देऊ केली, हे नोंदविले पाहिजे. परंतु निकषांची मूळ यादी वाचताना आपण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गावात उभे आहोत असे वाटते. कपडे, भांडी, गाय, बैल, शेळी, नाव. वाहनाचे नावच नाही.

बैल हे उपजीविकेचे साधन म्हणून यादीत आला, ते योग्यच. पण नांदेडच्या सखल वस्तीतील ऑटोरिक्षा, लातूरच्या बाजारातील हमालाचा मालवाहू टेम्पो, खेड्यातील दूधवाल्याची दुचाकी यांचे स्थान बैलाहून वेगळे नाही. यावर शासकीय उत्तर असे की वाहनासाठी विमा आहे. हे अर्धसत्य आहे. १९३९ च्या आणि पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने जो विमा सक्तीचा केला तो त्रयस्थाच्या हानीचा. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक राहिला. पूर हा या ऐच्छिक विम्यातील एक मान्य धोका आहे, परंतु जुन्या दुचाकीचा किंवा रिक्षाचा मालक तो हप्ता सहसा भरत नाही. ज्याने भरला, त्याला पाण्यात चावी फिरवून झालेले इंजिनाचे नुकसान मूळ विमापत्रात बसत नाही असे ऐकावे लागते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. भिजलेल्या गाडीची जागेवरच छायाचित्रे काढणे, पाण्याची खूण दिसेल असे एक छायाचित्र घेणे आणि गाडी हलविण्यापूर्वी विमा कंपनीला कळविणे, या तीन गोष्टी न केल्यामुळे रास्त दावेही अडकतात.

कागदांचीही गत अशीच. सातबारा, शिधापत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, गुणपत्रिका हे आजच्या कुटुंबाचे रुमाल आहेत आणि ते लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवले जातात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजले, ही घटना आपल्यासारख्या ग्रंथालयांवर अवलंबून असणाऱ्यांनी विसरू नये. अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये व परीक्षा विभाग तळमजल्यावरच आहेत. भिजलेला कागद उन्हात टाकला किंवा इस्त्रीने सुकविला तर तो आखडतो व शाई फुटते. तो सावलीत, टीपकागद घालून, वाऱ्यावर सुकवावा लागतो. कुटुंबाने सातबारा व प्रमाणपत्रे संगणकीय स्वरूपात काढून ठेवण्याची सोय आता आहे. पुरानंतरच्या पंचनाम्यात तलाठी कागद मागतो आणि कागदच वाहून गेलेला असतो, हा पेच त्यामुळे काही अंशी सुटतो.

नदीच्या बाबतीत आपल्याकडे वेळापत्रक आहे. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवले जातात, आणि ते उघडण्याच्या दिवशी दोन्ही राज्यांचे अधिकारी तेथे उपस्थित असतात. ओढ्यांसाठी असे काही नाही. दहागाव किंवा धडकनाळसारख्या ठिकाणी पाणी किती चढले हे सांगणारा मोजखांब, रात्री दिसेल असा अडथळा आणि वाहने अडविण्याचा अधिकार असलेला माणूस, या तीन गोष्टींचा खर्च उंच पुलाच्या तुलनेत नगण्य आहे. असा माणूस उताराच्या काठी पूर्वी असे. त्याला नावाडी म्हणत.